दहावी-पीयूसीनंतर हाताला कसब : बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी एक वाटाड्या

मे महिन्यात एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आमच्या कट्ट्यावर माणसं यायला लागतात. कुणी कडोलीचं, कुणी येळ्ळूरचं, कुणी खानापूरकडच्या रानातल्या गावातलं. हातात मार्क्सकार्डाची झेरॉक्स आणि मागं मान खाली घातलेलं पोर. "मास्तर, ह्याचं काय करायचं हो? अठ्ठावन्न टक्के पडलेत. सायन्स घेतो म्हणायलाय. झेपंल काय?"

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षं फिटर होतो, नंतर आयटीआयमध्ये शिकवलं. त्यामुळं मी लोकांना उत्तराऐवजी उलटा प्रश्न विचारतो : ह्यानं आजवर एखादा कारखाना आतून बघितलाय का? दहातल्या नऊ जणांनी बघितलेला नसतो. घर बेळगावपासून पंधरा किलोमीटरवर, बाप तिथंच ओतकामाच्या भट्टीवर, पण पोरगं कधी गेटच्या आत गेलेलं नाही. मग ट्रेड, म्हणजे शिकायचं कसब, कशावरून निवडणार? मित्रानं जो भरला तो.

हा लेख अशा घरांसाठी आहे. दहावीला असलेल्यांसाठी तसाच पीयूसीत, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीत, शिकणाऱ्यांसाठीही, कारण पीयूसी फर्स्टला गेल्यावर सहा महिन्यांनी "चुकलंच की" म्हणणारे बरेच भेटतात.

फॉर्मच्या आधी कारखाना

परीक्षा एप्रिलमध्ये संपते, निकाल मेमध्ये. मधले तीन-चार आठवडे मोकळे असतात. ते याच कामाला लावा. नात्यात, गल्लीत उद्यमबाग, मच्छे, होनगा किंवा काकतीकडं कामाला जाणारा माणूस असतोच. त्याला सांगून मालकाची परवानगी काढा. लहान शॉपचे मालक सहसा नाही म्हणत नाहीत; पोरगं शिकायला आलंय म्हटल्यावर चहाही पाजतात. चप्पल नको, बूट घाला. ओढणी, सैल बाह्या नकोत. अर्धा दिवस थांबा.

एकच शॉप बघून परत येऊ नका. ओतकाम, मशीनिंग आणि तपासणी ही तीन वेगळी जगं आहेत. फौंड्रीत वाळूचा साचा, धग आणि धूळ. लेथ-सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमध्ये कूलंटचा वास आणि एकाच जागी आठ तास उभं राहणं. इन्स्पेक्शनच्या टेबलावर शांतता, हातात मायक्रोमीटर आणि कागदावर आकडे. एखाद्याला पहिल्या जागी मळमळतं आणि तिसऱ्या जागी त्याचे डोळे चमकतात. हे घरी बसून कळत नाही.

मी आणखी एक परीक्षा घेतो. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, पोराच्या हातात कानस द्यायची आणि एक कड सरळ करायला सांगायची. फिटरच्या पहिल्या महिन्यात आयटीआयमध्ये हेच चालतं. दहा मिनिटं कानस मारली की पोरगं म्हणतं, झालं. मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा आणि तुकडा उजेडाकडं धरायचा. गुण्याची पात आणि पट्टी यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसते. म्हणजे झालेलं नाही. परत कानस. परत उजेड. काही पोरं तिसऱ्या वेळी कानस टाकून मोबाइल काढतात. काही जण मात्र, आठवीपासून "ह्याचं लक्षच नाही" म्हणून ओळखले गेलेले, त्या रेघेच्या मागं लागतात आणि जेवायची वेळ विसरतात. त्यांच्या टक्क्यांची मला चिंता नसते. पहिल्यांनाही नापास समजू नका, त्यांच्यासाठी कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड), दवाखाना, कॉमर्स अशा दुसऱ्या वाटा आहेत.

आयटीआय : सगळ्यात जवळचं दार

आयटीआय म्हणजे "काहीच जमलं नाही म्हणून" ही समजूत आपल्याकडं अजून घट्ट आहे. १९५० पासून चालत आलेली ही केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना आहे. अभ्यासक्रम देशभर एकच, परीक्षा देशभर एकच, मिळणारं राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र बेळगावात जेवढं चालतं तेवढंच पुण्यात, गोव्यात, आखातात चालतं. सीमाभागातल्या माणसाला याची किंमत जास्त, कारण आपलं बाकी सगळं राज्याच्या हद्दीपाशी अडकतं.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा एक वर्षाचे. वय चौदा पूर्ण असलं की अर्ज करता येतो. दहावी अडकली असेल तरी वेल्डर, वायरमन, शिवणकाम अशा काही ट्रेडना आठवी पासवर प्रवेश आहे. वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रॅक्टिकलचे असतात. पुस्तकापेक्षा हात जास्त चालणाऱ्या पोराला हे प्रमाण सोयीचं पडतं.

कर्नाटकात १५० सरकारी आयटीआयचं टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीनं नूतनीकरण झालं, २०२२ मध्ये ती सुरू झाली. अशा ठिकाणी सीएनसी, रोबोटिक्स, इलेक्ट्रिक वाहनं यांची यंत्रं आहेत. तुमच्या तालुक्यातली आयटीआय त्यात आहे का, हे तिथं जाऊन बघा. आणि असली तर मशीन चालू आहे की कापड टाकून ठेवलंय हेही बघा.

कोणता ट्रेड? माझं मत स्पष्ट आहे. बेळगावच्या आसपास राहून पोट भरायचं तर टर्नर आणि मशिनिस्ट यांना आपल्याकडं जी मागणी आहे ती पोरांना माहीतच नसते. सगळी गर्दी इलेक्ट्रिशियनला. इलेक्ट्रिशियन वाईट नाही, गावात स्वतःची कामं घेता येतात. पण उद्यमबागेतल्या लेथवर बसणारं माणूस शोधताना मालक मेटाकुटीला येतात. हत्तरगीच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, विमानांचे भाग बनतात, तिथं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब. त्या दारात शिरायला मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय हेच कामी येतात. कारखाना नकोच असेल, सैन्यात जायचंय असेल, तर तेही लक्षात घ्या : २०२३ पासून अग्निवीर टेक्निकलसाठी दहावी आणि आयटीआय झालेल्यांचाही विचार होतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या निम्म्या पोरांना हे ठाऊक नसतं. रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायलाही दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय पुरतो.

मुलींचं वेगळं सांगायला नको खरं, पण सांगावं लागतं. पालक मुलीला आपोआप शिवणकाम नाहीतर कोपाकडं वळवतात. मी शिकवत होतो तेव्हा वीस जणांच्या फिटरच्या तुकडीत एकच मुलगी होती. तिच्या कानशीच्या जॉबवर बाकीच्यांचे जॉब तपासायचे असा माझा शिरस्ता पडला. इन्स्पेक्शन, सीएनसी, ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्स यांत ताकदीपेक्षा नेटकेपणा लागतो.

टूल रूम : कष्ट जास्त, नाव मोठं

गव्हर्नमेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर, म्हणजे जीटीटीसी, बेळगावातही आहे. मूळ केंद्र बेंगळूरचं, १९७२ चं, डेन्मार्कच्या मदतीनं उभं राहिलेलं. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा चार वर्षांचा : तीन वर्षं केंद्रात, चौथं प्रत्यक्ष कारखान्यात. दहावीनंतर प्रवेश. फी सरकारी आयटीआयपेक्षा बरीच जास्त आणि शिस्त कडक, सकाळी गेलेलं पोर संध्याकाळी येतं. पण साचा आणि डाय बनवणारा माणूस हा कारखान्यातला सोनार. प्लॅस्टिकची बाटली असो की गाडीचा दरवाजा, आधी त्याची डाय कुणीतरी केलेली असते. गणित बरं असेल आणि घरची चार वर्षं धीर धरायची तयारी असेल, तर मी हीच वाट आधी सुचवतो. जाताना इतकंच विचारा : तुम्ही घेत असलेला कोर्स पुढच्या पदवीसाठी कुठं कुठं ग्राह्य धरतात? लेखी घ्या.

डिप्लोमा

पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. प्रवेश एसएसएलसीच्या मार्कांवर, अर्ज साधारण मे-जूनमध्ये. बेळगावात सरकारी पॉलिटेक्निक आहे, मराठा मंडळ, आर. एन. शेट्टी यांसारखी खाजगीही आहेत, चिकोडीला सी. बी. कोरे. सरकारी जागा काही हजारांत होते, खाजगीतली नाही.

त्यातली खरी गंमत जिन्याची आहे. दोन वर्षांचा आयटीआय झालेला विद्यार्थी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. डिप्लोमा झालेला डीसीईटी परीक्षा देऊन इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे अठ्ठावन्न टक्क्यांचं पोरगं फिटरमधून चढत व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) पदवीपर्यंत पोचू शकतं, आणि ते व्हीटीयू आपल्या मच्छेलाच आहे. वेळ जास्त लागतो. पण प्रत्येक पायरीवर हातात एक नोकरी लायक कागद असतो. पीयूसी सायन्स करून सीईटीत मागं पडलेल्याच्या हातात तो नसतो.

पीयूसीत असाल तर

पीयूसीच्या पोरांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली : काही पीयू कॉलेजांत एनएसक्यूएफचे, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातले, व्यवसाय विषय मिळतात. आयटी, रिटेल, ऑटोमोबाइल, हेल्थ केअर, ब्युटी अँड वेलनेस. प्रत्येक कॉलेजात नाहीत, म्हणून प्रवेशाआधी विषयांची यादी मागा. हेच विषय काही हायस्कुलांत नववी-दहावीलाही असतात, पण तिथं ते तिसऱ्या भाषेच्या जागी घेतले जातात. आपल्या मराठी शाळांत ती तिसरी भाषा पुष्कळदा कन्नड असते. कन्नड सोडून ऑटोमोबाइल घेतलं तर पुढं सरकारी नोकरीच्या वेळी ते बोचतं. ही अदलाबदल करण्याआधी मुख्याध्यापकांशी नीट बोला. पीयूसीला भाषा म्हणून मराठी घेता येते, हेही बऱ्याच जणांना कॉलेजात गेल्यावर कळतं.

दुसरी : पीयूसी सायन्स पास झालात, पण सीईटीचं काही खरं नाही, तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात तुम्हालाही दार आहे. एक वर्ष वाचतं.

तिसरी : पीयूसी सेकंडला एखादा विषय राहिला तर घर डोक्यावर घेऊ नका. कर्नाटकात २०२४ पासून एसएसएलसी आणि पीयूसी दोन्हींना वर्षात एकाहून जास्त परीक्षा असतात. दुसऱ्या परीक्षेच्या निकालापर्यंत आयटीआयचे फॉर्म बहुधा चालू असतात. एसएसएलसीच्या मार्कांवर तो फॉर्म भरून ठेवायला काय जातंय?

दवाखान्याकडची वाट

बेळगाव हे दवाखान्यांचं गाव. सिंधुदुर्ग, चंदगड, गोव्याकडून पेशंट इथं येतात. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस यांचे डिप्लोमा कर्नाटक पॅरामेडिकल बोर्डाचे असतात. दहावीनंतर तीन वर्षं, पीयूसी सायन्सनंतर दोन, अशी त्यांची रचना राहिली आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या क्षेत्राला राष्ट्रीय आयोग आणला आणि कल पदवीकडं झुकतोय. म्हणून दहावीवरून डिप्लोमा घेणाऱ्यांनी "हा कोर्स या वर्षी बोर्डाच्या मान्यतेत आहे का, आयोगाच्या नोंदणीत बसतो का" एवढं विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. जीएनएम नर्सिंगला बारावी लागते, तीन वर्षं. डी. फार्मला पीयूसी सायन्स, दोन वर्षं, आणि २०२२ च्या नियमांनुसार त्यानंतर एक्झिट परीक्षा. रक्त बघून चक्कर येते का, हे आधी बघा. तेही फॉर्मच्या आधी.

अल्याड की पल्याड

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पोराचं वय तारखेसाठी थांबत नाही. तेव्हा दोन्ही दारं उघडी ठेवायची, पण कुठलं कशासाठी, ते ठरवून.

महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे, तेव्हा आधी आपलं गाव यादीत आहे ना ते पाहा. दोन दाखले लागतात : सीमाभागातला असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्हींचे नमुने त्या-त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत असतात. दुसऱ्याच वर्षाचा नमुना भरून नेला की परत पाठवतात. आयटीआयची पुस्तिका वेगळी, पॉलिटेक्निकची वेगळी, दोन्ही वाचा.

फायदा काय? मराठी वातावरण, आणि निपाणीकरांसाठी कागलची पंचतारांकित एमआयडीसी, गोकुळ शिरगाव ही कामाची ठिकाणं अक्षरशः दारात. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांना शिनोळीची एमआयडीसी जवळ. तोटा काय? आपला जातीचा दाखला तिकडं राखीव जागेसाठी चालत नाही. कर्नाटकात मराठा समाज थ्री-बी या मागास गटात येतो. तो दाखला घेऊन कोल्हापुरात गेलात तर खुल्या गटातच मोजतात. स्कॉलरशिपचंही तसंच. शिवाय बसभाडं. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे. खानापूरची मुलगी रोज बेळगावला येऊन शिकली तर घरच्यांचे वर्षाला काही हजार वाचतात. कोल्हापूरला राहून शिकायचं तर खोली आणि मेस आलीच.

माझा सल्ला असा : आयटीआय आणि टूल रूम घराजवळ, म्हणजे अल्याड करा. प्रमाणपत्र राष्ट्रीय आहे, सीमा त्याला अडवत नाही. डिप्लोमा मात्र निपाणी, कागवाड, अथणीकडच्यांनी दोन्हीकडं भरावा आणि जिथं सरकारी जागा मिळेल तिथं जावं.

कागद : एप्रिलमध्येच

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती मार्कांवर नाही, नावावर. आधारवर गावडे डब्ल्यू घालून, मार्क्सकार्डावर व्ही घालून, बँकेत वडिलांचं नाव आधी. इकडं कन्नडमधून इंग्रजीत आणि मराठीतून इंग्रजीत अशा दोन वाटांनी नावं जातात, त्यामुळं हा घोळ आपल्याकडं जरा जास्तच. मार्क्सकार्डावरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचं त्याला जुळवा. आधार दुरुस्तीला दिवस जातात, म्हणून निकालाची वाट बघू नका.

जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. पहिली ते दहावी ग्रामीण शाळेत झाली असेल तर ग्रामीण कोट्याचा दाखला शाळेतून घेऊन बीईओंची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची) सही आणा. कन्नड माध्यमाचा कोटा मराठी शाळेतल्या मुलांना लागू नाही, पण ग्रामीणचा लागू आहे. आपली माणसं दोन्हींची गल्लत करून हक्काची जागा सोडतात. शाळेचा दाखला, म्हणजे टीसी, मूळ प्रत एकाच ठिकाणी देता येते. पीयू कॉलेजात घाईनं देऊन टाकली की आयटीआयच्या यादीत नाव लागल्यावर ती परत मिळवण्यात आठवडा जातो. स्कॉलरशिपसाठी राज्याच्या एसएसपी पोर्टलवर अर्ज, त्यासाठी पोराच्या नावचं आधार जोडलेलं बँक खातं. हे सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स.

संस्था तपासताना

इथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. भाच्याला एका खाजगी आयटीआयमध्ये घातलं. इमारत नवी, फलक मोठा, ऑफिसात एसी. माझा धंदा हाच, तरी मी वर्कशॉपची पायरी चढलो नाही. वर्षाखेरीस कळलं की त्या ट्रेडची मान्यताच नव्हती. दुसऱ्या ट्रेडची होती, तिच्या जोरावर फलक लागला होता. पोराचं एक वर्ष गेलं. बहिणीनं मला काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी सांगतो : संस्थेला नव्हे, ट्रेडला मान्यता आहे का ते विचारा. प्रत्येक आयटीआयला एक कोड असतो. पहिलं अक्षर जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे खाजगी. पुढं कर्नाटकासाठी २९, महाराष्ट्रासाठी २७ आणि मग क्रमांक. तो कोड घेऊन केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या पोर्टलवर संस्था शोधा, तिथं ट्रेड आणि जागा दिसतात. मग वर्कशॉपमध्ये जा. लेथ किती, चालू किती? व्हाइसच्या जबड्यांवर ताज्या कानशीचा चुरा आहे की गंज? दुसऱ्या वर्षाच्या पोरांना बाहेर चहाच्या गाड्यावर गाठा आणि विचारा की आठवड्यात मशीनवर किती वेळ मिळतो. ऑफिसातल्या माहितीपत्रकापेक्षा हे उत्तर भरवशाचं. "हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला या" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. तिथं कागद मिळेल, हात बसणार नाही, आणि उद्यमबागेतला फोरमन पहिल्या तासाला ते ओळखतो.

भाषेची भीती

मराठी शाळेतून आलेलं पोर आयटीआय किंवा डिप्लोमाच्या वर्गात पहिले दोन महिने गप्प असतं. शिक्षक कन्नड-इंग्रजीत बोलतात, फळ्यावर इंग्रजी. याला एक साधा उपाय आहे आणि तो कुणी सांगत नाही. आयटीआयचा अभ्यासक्रम देशभर एकच असल्यामुळं चेन्नईच्या निमी या केंद्रीय संस्थेची ट्रेडची पुस्तकं मराठीतही मिळतात. महाराष्ट्रातली मुलं जी वापरतात, तीच. फिटरचं मराठी पुस्तक घरी, इंग्रजी वर्गात, असं सहा महिने शेजारी ठेवून वाचलं की शब्द बसतात. भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर अभ्यासक्रम आणि सरावाचे प्रश्न फुकट आहेत. परीक्षा आता संगणकावर असते, तेव्हा ते प्रश्न सोडवून ठेवलेले बरे.

आणि कन्नड शिका. आपला अभिमान आपल्या जागी. शॉपमध्ये मराठी, कन्नड, हिंदी सगळं एका वाक्यात चालतं, तिथं कुणी कुणाला अडवत नाही. पण कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नड लागतं, बेंगळूर-हुबळीला बदली झाली तर लागतं, आणि मजुरीचा हिशेब करताना समोरचा काय पुटपुटतोय हे कळलेलं केव्हाही चांगलं.

आयटीआयनंतरचं वर्ष : अप्रेंटिस

आयटीआय संपला की बहुतेक पोरं शेजारच्या शॉपमध्ये रोजावर लागतात. हातात लगेच पैसे येतात, आणि तिथंच बऱ्याच जणांचा जिना संपतो. त्याआधी वर्षभराची अप्रेंटिसशिप करा. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक. उद्यमबागेतली निम्मी शॉप या दुसऱ्या गटात मोडतात, म्हणून "आमच्यात घेत नाहीत" हे उत्तर खरंच असतं. मोठ्या फौंड्र्या, साखर कारखाने, हत्तरगीचं सेझ, कागलच्या कंपन्या, परिवहन महामंडळाचे डेपो, रेल्वे, इकडं अर्ज टाका. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नाव नोंदवल्याशिवाय पुढं सरकू नका. कंपनीबरोबरचा करार तिथंच नोंदला जातो. नोंदलेला करार नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, स्वस्तातले कामगार आहात.

२०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये आणि डिप्लोमावाल्याला ८,००० असं विद्यावेतन ठरलं होतं. अर्ज करताना त्या वर्षीचा आकडा पोर्टलवर बघा आणि करारावर तोच लिहिलाय ना ते तपासा. पोरं म्हणतात, रोजावर याहून जास्त मिळतात. मिळतात, खरंय. पण वर्षाखेरीस परीक्षा होऊन जे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हातात पडतं, ते रोजावर मिळत नाही, आणि रेल्वे, सरकारी कारखाने, परदेशातले एजंट आधी तेच मागतात.

त्या वर्षात एक वही ठेवा. आज कुठल्या मशीनवर होतो, कुठला जॉब, किती टॉलरन्स (मापात चालणारा फरक), काय बिघडलं. पुढं शिकवायचं मनात असेल तर इन्स्ट्रक्टरचा एक वर्षाचा कोर्स आहे, तिथं ही वही सोन्यासारखी कामाला येते. बारावीची समकक्षता हवी असेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेकडून एक भाषा आणि एखादा विषय देऊन तीही मिळवता येते.

आणि प्रमाणपत्र हातात पडलं की लगेच घरी पळू नका. पोर्टलवरून उतरवून घेतलं असेल तर स्क्रीनवर, कागद मिळाला असेल तर तिथंच काउंटरपाशी उभं राहून स्वतःचं, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर वाचा. डब्ल्यू की व्ही, मार्क्सकार्ड शेजारी धरून.